मुलाखतीचा नववा नियम

जिल्हा कारागृहाच्या फाटकाबाहेर कैद्यांच्या मुलाखतीचे नियम लिहिलेला फलक आहे. एकूण बावीस नियम. चौतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळांत मास्तरकी केल्यामुळे भिंतीवर काही लिहिलेलं दिसलं की ते वाचल्याशिवाय माझा पाय पुढे पडत नाही. त्या दिवशी मात्र मी एकही नियम न वाचता रांगेत जाऊन उभा राहिलो. फलक उंचावर होता आणि मला मान वर करायची नव्हती.

जिल्ह्याचं नाव मी लिहीत नाही. का ते पुढे कळेलच.

आमच्या तालुक्याहून जिल्ह्याला आता बिनचालकाची एसटी जाते. गाडी गार असते, वेळेवर सुटते, तक्रारीला जागा नाही. पण प्रत्येक थांबा ती खणखणीत आवाजात पुकारते. "जिल्हा कारागृह! उतरणाऱ्यांनी पुढे यावे!" झालं की सगळी गाडी माना वळवून बघते, कोण उतरतंय. जुन्या ड्रायव्हरच्या कानाशी लागून 'जरा पुढच्या वळणावर सोडा' म्हणता यायचं. म्हणून मी एक थांबा आधी, बाजार समितीपाशी उतरलो आणि वैशाखाच्या उन्हात मैलभर चालत आलो. वय चौसष्ट, साखर दीडशेच्या पुढे. लाज काय काय करायला लावते.

आत माझा मुलगा होता. तन्मय, वय छत्तीस. रुग्णालयात कंत्राटी डेटा ऑपरेटर होता. दिव्यांगांची खोटी प्रमाणपत्रं बनवून दिल्याचा त्याच्यावर आरोप होता. एकूण त्रेसष्ट. जामीन दोनदा नाकारला गेला, जमत आलेलं लग्न मोडलं, सात महिने तो आत होता, आणि त्या सात महिन्यांत मी त्याला भेटायला एकदाही गेलो नव्हतो. पेपरात नाव आलं ते 'टी. एम. गुरव' असं. आमच्या कॉलनीत त्याला सगळे बाळ्या म्हणून ओळखतात, त्यामुळे कुणाला पत्ता लागला नाही. बाळ्या मस्कतला गेला, तिथल्या इस्पितळात लागला, असं मी सांगून टाकलं होतं. झाकली मूठ सव्वा लाखाची.

खिडकीशी माझा नंबर आला. आतल्या खाकी वर्दीतल्या मुलीनं अर्ज घेतला, मग माझ्या तोंडाकडे बघितलं आणि ती ताडकन उभी राहिली.

"अगं बाई, गुरव गुरुजी!"

ती बाजूच्या दारातून बाहेर आली, सरळ माझ्या उजव्या कानाशी वाकली आणि एकेक शब्द तोडत मोठ्यानं म्हणाली, "गुरुजी! मी मंजिरी! मंजिरी खोत! पाचवी ते सातवी तुमच्या वर्गात होते!"

चाळीस माणसांची रांग माझ्याकडे बघायला लागली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"तन्मय गुरव, म्हणजे तुमचा मुलगा का?" तिनं त्याच आवाजात विचारलं. अर्जातल्या नात्याच्या रकान्यात मी 'परिचित' लिहिणार होतो. रकाना कोरा होता. मी मान हलवली. तिनं स्वतःच्या पेननं 'वडील' लिहिलं.

मग तिनं एकेक नियम माझ्या कानात वाचला, मी फलक बघितला नसणार हे ओळखून. "नियम सात! मोबाईल, घड्याळ, विजेवर चालणारी कुठलीही वस्तू आत न्यायची नाही! पण तुमच्या कानाच्या मशीनला सूट आहे, गुरुजी! प्रमाणपत्र दाखवलं की झालं!" मी पाकिटातून कार्ड काढून दिलं. तिच्या पडद्यावर माझं नाव आलं आणि खाली 'श्रवणदोष, चाळीस टक्के'. "नियम नऊ! कैद्यावर जो गुन्हा आहे, त्यात ज्याचा सहभाग असेल त्याला मुलाखत मिळत नाही! तसं काही नाही, अशी इथं सही करा!"

मी सही केली.

आता सांगूनच टाकतो. मला नीट ऐकू येतं. पहिल्यापासून येतं. कॉलनीच्या टोकाला कुणाचा कुकर शिट्टी देतो ते मी माझ्या खुर्चीत बसून सांगू शकतो.

बारा वर्षांपूर्वी माझी बदली घाटावरच्या शाळेत निघाली होती. रस्ता नाही, पावसाळ्यात चार महिने तिथंच राहायचं. दिव्यांग शिक्षकांना बदलीतून सूट होती. तन्मय नुकताच रुग्णालयात चिकटला होता, प्रमाणपत्रांच्याच टेबलावर. मी त्याला जेवताना म्हणालो, "एवढं एक करून दे. कुणाचं काय जातंय त्यात?" तो दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी प्रमाणपत्र घेऊन आला. त्याची आई आजारी होती म्हणून मी बदली टाळली, असं मी नंतर नंतर स्वतःलाही सांगायला लागलो. ती आजारी पडली त्याला दोन वर्षं उलटल्यावर, आणि आता ती नाहीच. माझ्या जागी घाटावर शेलार बाई गेल्या, सहा महिन्यांचं मूल कडेवर घेऊन.

प्रमाणपत्र आलं म्हणजे यंत्रही आलं. सेल न घातलेलं यंत्र कानात अडकवून मी सहा वर्षं शाळा केली. पोरं आपापसात म्हणायची, "गुरुजींना ऐकू येत नाही, मोठ्यानं बोल." आणि ही मंजिरी. तिला कुणी सांगितलं नव्हतं, तरी ती आपली जागा सोडून माझ्या खुर्चीशेजारी येऊन उभी राहायची. मागच्या बाकावरचा कुणी उत्तर देऊ लागला की ते माझ्या कानात मोठ्यानं पुन्हा सांगायची. तीन वर्षं. मी "शाब्बास" म्हणायचो. तिला निरोप समारंभात वही आणि पेन दिलं होतं, 'सेवाभावी विद्यार्थिनी' म्हणून.

तन्मयवरच्या त्रेसष्टांत माझं प्रमाणपत्र नव्हतं. अटक व्हायच्या आधी त्यानं ते मूळ नोंदीतून काढून वेगळ्या, जुन्या डॉक्टरच्या सहीखाली टाकलं होतं. वकील मला हळूच म्हणाले होते, "तुमचं नाव यादीत नाही, देवाला नारळ फोडा." मी फोडला.

*

मुलाखतीच्या खोलीत मध्ये काच, काचेखाली बोलायची जाळी आणि वर दोन दिवे, एक भेटायला येणाऱ्याचा, एक कैद्याचा. दिव्यांच्या मध्ये तळहाताएवढी काळी पेटी. तिचं सरकारी नाव 'वाणी पडताळणी संच'. रांगेतले लोक तिला पारखी म्हणतात.

तुरुंगात बसून साक्षीदार फोडणं, धमक्या पोचवणं, हे सगळं मुलाखतीतूनच चालतं असं ध्यानात आल्यावर तीन वर्षांपूर्वी ती बसवली. मी विज्ञान शिकवलेला माणूस, म्हणून तिच्याबद्दलचं माहितीपत्रक बाकावर बसून वाचून काढलं. आपण मनातल्या मनात बोलतो तेव्हाही घसा गप्प बसत नाही. न उच्चारलेला शब्द तो अगदी पुसटसा उच्चारून बघतो. पहिलीतली पोरं मनात वाचतानाही ओठ हलवतात ना, तेच मोठेपणी घशाच्या आत चालू राहतं. पारखीतून रडारसारख्या बारीक लहरी सुटतात, गळ्याच्या कातडीवरून परत येतात आणि केसाच्या जाडीहून कितीतरी लहान थरथर टिपतात. शेजारचा कॅमेरा नाकाभोवती रक्त किती चढलं ते बघतो. माणूस एक बोलत असेल आणि आत दुसरंच दाबून धरत असेल, तर शब्द बाहेर पडायच्या आधी सेकंदाच्या पाचव्या हिश्श्यात घसा दोन्हीकडे ओढला जातो. ती ओढाताण दिसली की दिवा तांबडा, नाहीतर हिरवा. तीनदा तांबडा झाला की काचेवर पडदा उतरतो आणि महिनाभर मुलाखत बंद. हा नियम सोळावा.

तन्मय आला. वाळला होता. बसायच्या आधी त्याची नजर माझ्या कानाकडे गेली.

"अजून घालता?"

"सवय झाली," मी म्हणालो. हिरवा.

"साखर किती आहे?"

"एकशे साठ. तुला जेवण कसं मिळतं?"

"आमटी पातळ, चपाती बरी." त्याचाही हिरवा. मला जरा धीर आला. जमेल असं वाटलं.

"कॉलनीत काय म्हणतात?" त्यानं विचारलं.

"सगळे तुझी आठवण काढतात, चौकशी करतात," मी म्हणालो. यात एक अक्षरही खोटं नव्हतं. जोशी वहिनी रोज विचारायच्या, मस्कतला ऊन कितीसं असतं हो. तरी दिवा तांबडा झाला.

तन्मयनं दिव्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी घाईघाईनं म्हणालो, "वकील म्हणाले, तुझी बाजू भक्कम आहे." पुन्हा तांबडा.

शेजारच्या काचेशी एक म्हातारी आपल्या मुलाला सांगत होती, "आळू उगवलंय. कडीपत्ता पार वाळला. शेळी दोन करडं व्याली." तिचा दिवा हिरवाच्या हिरवा. मला तेव्हा तिच्या बोलण्याचं नवल वाटलं.

"आप्पा," तन्मय म्हणाला, "सात महिने आला नाहीत. तुम्हाला माझी लाज वाटते का?"

बाप याला काय उत्तर देतो? जे कुठलाही बाप देईल तेच मी दिलं. "छे! काहीतरीच काय? नाही रे."

दिवा तांबडा झाला.

पडदा वरून खाली यायला चारेक सेकंद लागतात. तेवढ्यात मला त्याचे हात दिसले. दोन्ही हात मांडीवर नीट ठेवून तो बसला होता, शिक्षा झालेल्या पोरासारखा.

बाहेर मंजिरी माझ्या कानाशी येऊन ओरडली, "गुरुजी, पहिल्या वेळेला सगळ्यांचं असंच होतं! पुढच्या महिन्यात या!"

*

पुढच्या महिन्यात मी गेलो. मंजिरीनं अर्ज आत पाठवला आणि पाच मिनिटांनी तो परत आला. त्यावर शिक्का होता: 'कैद्याने नकार दिला.' कैद्याला तो हक्क आहे, नियम चौदा. आठवड्यानं पुन्हा गेलो, पुन्हा तोच शिक्का.

"अजून एकदा नाही म्हणाला तर तुमचं नावच यादीतून निघेल, गुरुजी!" मंजिरी माझ्या कानात म्हणाली. तिचा आवाज मोठा होता पण चेहरा रडवेला. "नियम अठरा! मग खटला संपेपर्यंत भेट नाही. तारखा बघता अजून तीन-चार वर्षं!"

माझी साखर आणि माझं वय बघता तीन-चार वर्षांचा हिशेब मला नको होता. मी तिथंच बाकावर बसलो. जेवणाची सुट्टी झाली तशी ती डबा घेऊन शेजारी आली आणि अर्धी भाकरी न विचारता माझ्या हातावर ठेवली.

"गुरुजी, एक सांगू? रागावू नका!"

"सांग."

"मुलाखती मीच ऐकते, म्हणून सांगते! तुम्ही त्याला खोटं बोललात असं तुम्हाला वाटतंय! त्यालाही तसंच वाटतंय! पण पारखीला खोटं कळतच नाही. तिला दाबलेलं कळतं! मागं एक बाई आल्या होत्या. मुलाला म्हणाल्या, तू माझा लाडका. झाला तांबडा! आता लाडका तर होताच ना! पण त्याच्या बायकोनं घर सोडलं होतं, ते त्यांना सांगायचं नव्हतं. न सांगायचं जे असतं ना, ते ज्या शब्दाला चिकटलेलं असेल तो शब्द तांबडा होतो. म्हणून तर लोक आळू न् कडीपत्ता बोलत बसतात!"

महिनाभर मी एकच गोष्ट मनात घोळवत होतो: मला माझ्याच पोराची लाज वाटते, यंत्र काय खोटं बोलणार? आणि मनातून मी त्यातही थोडा सुखावलो होतो. पोराची लाज वाटणारा बाप म्हणजे शेवटी सज्जन बाप. जगात त्याला मान आहे. त्याच्या पाठीवर लोक हात ठेवतात.

आता ही पोर, जिला मी सहावीत घशाच्या पाठात स्वरयंत्र शिकवलं, ती मला सांगत होती की त्या 'नाही'च्या खाली दुसरंच काही होतं. काय होतं ते शोधायला मला कुठं जावं लागणार होतं? ते माझ्या कानातच अडकवलेलं होतं.

त्या रात्री आणि पुढचे सहा दिवस मी काय विचार केला ते सगळं लिहीत नाही, त्यात शोभा नाही. निवृत्तिवेतनाचा विचार केला. कॉलनीचा केला. सातवीच्या जुन्या बॅचनं मागच्या वर्षी माझा सत्कार केला होता, त्या शालीचाही केला. पोराला आत जाऊन आठ महिने होऊन गेले होते आणि मी शालीचा विचार करत होतो. मग तन्मयचा पोलिसांपुढचा जबाब आठवला. वकिलांनी वाचून दाखवला होता. 'हे काम मी स्वतःच्या मर्जीने सुरू केले. मला कोणीही सांगितले नाही.' नंतरची त्रेसष्ट त्यानं मर्जीनं केली, लोक दारी यायला लागल्यावर लोभानंही केली, ते मी नाकारत नाही. पण पहिल्याची वाट त्याला कुणी दाखवली?

*

मंगळवारी मी गाडीत बसलो. "जिल्हा कारागृह! उतरणाऱ्यांनी पुढे यावे!" गाडीनं पुकारलं. मी पुढे गेलो. सगळ्यांनी बघितलं. आमच्या कॉलनीतला केबलवाला मागच्या सीटवर होता, त्यानंही बघितलं. मी उतरलो. पायऱ्या उतरताना नजर पायांवरच होती, उजळ माथ्यानं वगैरे काही नाही.

खिडकीपाशी मी खिशातला मोबाईल काढून ट्रेमध्ये ठेवला, घड्याळ ठेवलं, आणि कानातलं यंत्र काढून त्यांच्या शेजारी ठेवलं.

"गुरुजी, हे आत नेता येतं!" मंजिरी ओरडली. "हे काढलं तर आत ऐकू कसं येणार?"

"राहू दे आज," मी म्हणालो. "अर्जासोबत एक ओळ आत पाठवता येते ना?"

"हो, येते! वाचूनच पाठवावी लागते, एवढंच!"

मी चिठ्ठीवर लिहिलं: 'आज कानात यंत्र घातलेलं नाही.' तिनं वाचलं, तिच्या कपाळावर आठी पडली. तिला काहीच उलगडलं नाही. चिठ्ठी आत गेली. पाच मिनिटं झाली. दहा झाली. मी शिक्क्याची वाट बघत होतो.

"येतोय!" मंजिरी आनंदानं माझ्या कानात ओरडली. "गुरुजी, तो येतोय!"

तन्मय काचेपलीकडे बसला आणि माझ्या रिकाम्या कानाकडे बघत राहिला. तो काही बोलायच्या आत बोलून टाकावं, नाहीतर धीर सुटेल, हे मला माहीत होतं.

"मला नीट ऐकू येतं," मी जाळीशी वाकून म्हणालो. "कायम येत होतं. माझं प्रमाणपत्र खोटं आहे. तू केलेलं पहिलं खोटं प्रमाणपत्र माझं. तू करत नव्हतास, मी करायला लावलं."

माझा दिवा हिरवा होता. पाच वाक्यं, पाचही हिरवी.

तन्मय उठून उभा राहिला. "आप्पा, गप्प बसा! इथलं सगळं रेकॉर्ड होतं!"

"म्हणून तर इथं बोललो."

"अहो, कशाला पण? मी ते पुसलं होतं! एवढं एक तरी वाचवलं होतं मी! आता तुमच्यावर केस होईल. नियम नऊ माहितीये ना? परत भेटूही देणार नाहीत. मला नको होतं हे! तुम्ही बोलावं असं मला नको होतं!"

त्याचा दिवा तांबडा झाला.

आम्ही दोघांनीही तो बघितला. तन्मय तसाच उभा राहिला, मग हळूहळू खाली बसला आणि त्यानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. खांदे हलत होते. तो रडतोय की हसतोय ते मला कळेना. बहुतेक दोन्ही. माझंही तसंच चाललं होतं.

"वाट बघत होतो मी," शेवटी तो हातांआडून म्हणाला. "इतके महिने. तुम्ही बोलावं असं वाटायचं आणि बोलू नये असंही वाटायचं." हिरवा.

"त्या दिवशी विचारलं होतंस ते परत विचार," मी म्हणालो.

"नको, आप्पा."

"विचार."

त्यानं डोळे पुसले. "माझी लाज वाटते तुम्हाला?"

"वाटते," मी म्हणालो. "नंतर त्रेसष्ट केलीस, त्यांची वाटते. ज्यांना खरोखर ऐकू येत नाही, चालता येत नाही, त्यांच्या जागा गेल्या त्यात. पण पहिल्याची लाज माझी आहे, ती तुझ्यापेक्षा मोठी आहे, आणि बारा वर्षं मी ती तुझ्या अंगावर टाकून फिरतोय."

हिरवा. तो जरा वेळ दिव्याकडे बघत राहिला, दिव्याचाच आधार असल्यासारखा.

मुलाखत वीस मिनिटांची असते. भिंतीवरच्या घड्याळात अजून बारा उरली होती. आता कुणीतरी दार उघडून मला बाहेर काढेल म्हणून मी दाराकडे बघत होतो, पण कुणी आलं नाही. मग आम्ही बोलत बसलो. तू मस्कतला आहेस असं सगळ्यांना सांगितलंय, हे मी त्याला सांगून टाकलं. "मग मला तिथं पगार किती आहे?" त्यानं विचारलं. मी आकडा सांगितला. तो इतक्या जोरात हसला की शेजारची म्हातारी कडीपत्ता सांगायची थांबली. त्याच्या आईबद्दल बोललो. तिच्या शेवटच्या आजारात तो तिला भजी करून घालायचा आणि मला कळू द्यायचा नाही, ते मला मागच्या खोलीत तळणीच्या आवाजावरून कळायचं, तेही सांगितलं. बारा मिनिटांत दोन्ही दिवे एकदाही तांबडे झाले नाहीत. पडदा उतरायला लागला तेव्हा तन्मयनं काचेवर हात टेकवला. मीही टेकवला.

*

मी खिडकीशी आलो. मंजिरी जागेवरच होती. ती उठली नाही, दारातून बाहेर आली नाही. कानांवरचे हेडफोन गळ्यात उतरवलेले होते. मुलाखती ऐकणं हे तिचंच काम आहे हे मला ठाऊक होतं, पण आत बोलताना ते माझ्या ध्यानात नव्हतं. तिच्या हाताशी लाल बटण होतं, मुलाखत मध्येच तोडायचं. ते तिनं दाबलं नव्हतं; जिल्ह्याचं नाव मी लिहीत नाही ते यासाठीच.

तिनं ट्रे पुढे सरकवला. त्यात मोबाईल होता, घड्याळ होतं. कानाचं यंत्र तिनं एका पारदर्शक पिशवीत घालून, वर चिठ्ठी चिकटवून बाजूला ठेवलं होतं. शेजारी छापील कागद होता: नियम नऊ, मुलाखतीचा हक्क रद्द, कबुलीची प्रत पोलिसांकडे रवाना.

ती कागदाकडे बघत होती. माझ्याकडे बघत नव्हती.

"मागच्या बाकावरची मुलं उत्तर द्यायची," ती म्हणाली, "आणि मी तुमच्याजवळ येऊन..."

"ऐकू यायचं मला," मी म्हणालो. "त्यांचंही आणि तुझंही."

तिनं मान हलवली. चौतीस वर्षांत मी कितीतरी पोरांना उभं केलं, छड्या मारल्या, ओणवं केलं. कुणासमोर इतकं लहान व्हायची वेळ माझ्यावर आली नव्हती. मी माफी मागायला तोंड उघडलं, पण तिच्या पुढ्यात रांग खोळंबली होती आणि माझी माफी तिच्या काय कामाची होती?

तिनं पेन उचललं, कागदावर जिथं सही करायची तिथं बारीक फुली केली आणि पेन माझ्यापुढे धरलं.

"इथं सही करा, गुरुजी," ती म्हणाली.

इतक्या हळू आवाजात ती माझ्याशी आयुष्यात पहिल्यांदाच बोलली. माझ्या मागे उभ्या असलेल्या माणसालाही ते ऐकू गेलं नसेल. मला गेलं. मी सही केली.